पायरी आणि समाधी : भक्तिकाव्यातील नम्रतेचे दोन अर्थ

मराठी भक्तिकाव्याविषयी लिहिताना ‘नम्रता’ हा शब्द आपल्या समीक्षकांच्या लेखणीतून आणि प्रवचनकारांच्या मुखातून फार सहज बाहेर पडतो. संत नम्र होते, त्यांनी अहंकार टाकला, ते देवाच्या चरणी लीन झाले, एवढे सांगितले की रसग्रहण पुरे झाले असे मानले जाते. आमच्या मते या एका शब्दाने दोन निरनिराळ्या अनुभवांवर पांघरूण घातले आहे. एक नम्रता मनुष्य स्वेच्छेने पत्करतो. दुसरी त्याच्यावर लादली जाते. हा भेद ध्यानात न घेता भक्तिकाव्य वाचले, तर त्या काव्यावर अन्याय होतो आणि उपासनेचा अर्थही बिघडतो.

हा भेद पाहण्यासाठी आम्हां श्रीपूरकरांना सोलापूर जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. आषाढीपूर्वी तुकोबांची पालखी अकलूज सोडून आमच्याच परिसरातून बोरगावमार्गे पंढरपूरकडे जाते. वारकरी जेथे पोहोचतात, त्या विठ्ठलमंदिराच्या महाद्वारी नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखामेळ्याची समाधी आहे. संतसज्जनांचे पाय आपल्यावर पडावेत, म्हणून नामदेवांनी पायरीची जागा मागून घेतली आणि १३५० साली तेथे समाधी घेतली, असे परंपरा सांगते. चोखोबांची कथा वेगळी आहे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता १३३८ साली भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर ते तिच्याखाली गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे सांगतात.

नामदेवांना मंदिराचे दार उघडे होते. तरी त्यांनी पायरी निवडली. चोखोबांना, ते जातीने महार म्हणून, दार बंद होते. बाहेर राहणे ही त्यांची निवड नव्हती. दोन्ही जागा समोरासमोर आहेत, दोन्ही ठिकाणी भाविक माथा टेकतात, आणि म्हणून दोघांची नम्रता एकच आहे असा समज होतो. पहिली नम्रता हा सद्गुण आहे. दुसरी ही समाजाने केलेली शिक्षा आहे. शिक्षेला सद्गुण म्हणणे हे शिक्षा करणाऱ्याच्या सोयीचे असते.

आता चोखोबांच्या अभंगांकडे वळू. त्यांतील उसाचा दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचा आहे. ऊस वाकडा दिसला तरी त्याच्या रसात वाकडेपणा नसतो, असे ते सांगतात. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना या दृष्टान्ताचे निराळे स्पष्टीकरण नको. हा अभंग ‘संतांच्या विनयाचा नमुना’ म्हणून वाचला जातो, तेव्हा आम्हांला नवल वाटते. येथे कवी स्वतःला हीन म्हणवून घेत नाही. बाहेरच्या रूपावरून माणसाची किंमत करणाऱ्यालाच तो हटकतो आहे.

त्यांच्या ‘जोहार’ या रचनांचेही तसेच आहे. जोहार म्हणजे महाराने गावच्या धन्यांना करावयाचा नमस्कार. चोखोबा तोच शब्द उचलतात आणि देवासमोर उच्चारतात. यात केवळ दास्यभाव पाहणारा वाचक अर्धेच वाचतो, असे आम्हांला वाटते. जो नमस्कार रोज माणसांपुढे सक्तीने करावा लागे, तो येथे खऱ्या धन्याच्या पायाशी ठेवला आहे. संपूर्ण शरणागतीचा अधिकारी एकटा देव आहे, हे ज्याला कळले, त्याला गावचा धनी हा अखेरचा धनी वाटत नाही. उपासना माणसाला वाकविते ती देवापुढे. आणि त्याच क्षणी माणसांपुढे ताठ उभे राहण्याचे बळ तिने त्याला दिले पाहिजे.

मात्र चोखोबांच्या सगळ्याच अभंगांत हे बळ आढळत नाही. काही ठिकाणी ते आपल्या जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या दोषात शोधतात. लादलेली हीनता मनात किती खोल उतरते, याचा तो पुरावा आहे. समीक्षकाने तो झाकू नये आणि त्याला अध्यात्माचे नावही देऊ नये. त्यांच्याच घरात वेगळा सूर उमटला. पत्नी सोयराबाईंनी विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न केला. पुत्र कर्ममेळ्याने तर, उष्टे खाऊन आमचा जन्म गेला, याची तुला लाज कशी वाटत नाही, अशा आशयाचा जाब थेट विठ्ठलाला विचारला.

हा जाब उपासनेत बसतो काय? बायबल वाचणाऱ्याला उत्तर अवघड वाटू नये. ईयोब देवाशी वाद घालतो. स्तोत्रकर्ता, तू मला का विसरलास, असे देवाला विचारतो, आणि पवित्र सभा ती स्तोत्रे आपल्या नित्यप्रार्थनेत म्हणते. जो देवापाशी तक्रार नेतो, त्याचा देवावरचा विश्वास अजून शाबूत असतो. कर्ममेळ्याचे अभंग आम्ही म्हणूनच उपासनेत मोडतो.

योहानाच्या शुभवर्तमानातील पाय धुण्याचा प्रसंगही या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. पाय धुणे हे त्या काळी दासांचे काम होते. एखाद्या दासाने ते केले असते, तर कोणी त्याची नोंद घेतली नसती. प्रभूने आणि गुरूने ते केले, म्हणून पेत्र गोंधळला. नम्रतेची मागणी आधी वरच्याकडे केली जाते, हा त्या प्रसंगाचा अर्थ आहे. पवित्र मरियेच्या स्तोत्रातही दीनांना दीनच राहण्याचा उपदेश नाही. त्यांना उचलून घेणाऱ्या देवाची स्तुती आहे.

मराठी ख्रिस्ती काव्याला या विचाराची गरज आहे. आपल्या भक्तिगीतांवर रेव्हरंड नारायण वामन टिळकांची छाया मोठी आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या ब्राह्मण कवीने तुकोबांचा अभंग ख्रिस्तचरणी आणला. जातीचा मान त्यांनी स्वतः खाली ठेवला होता. त्यांची नम्रता नामदेवांच्या पायरीच्या जातीची आहे. पण नगर-सोलापूरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे महार-मांग समाजांतून आली. खाली ठेवावयास त्यांच्यापाशी तसा मान नव्हता. त्यांच्या ओठी टिळकांच्या परंपरेतील लीनता आली. कर्ममेळ्याचा प्रश्न मात्र आपल्या गीतांत क्वचितच ऐकू येतो.

हा प्रश्न मंदिराच्या दारापुरताही नाही. पंढरपूरचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखामेळा होते. आणि २०१६ साली भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे आपले धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेतही अस्पृश्यता आणि भेदभाव आहे, हे तिला मान्य करावे लागले.

म्हणून प्रवचनपीठावरून नम्रतेचा उपदेश करणाऱ्याने समोर कोण बसले आहे हे आधी पाहावे. दिवसभर कोयता चालवून मुकादमापुढे मान खाली घालणाऱ्या ऊसतोड मजुराला ‘नम्र हो’ असे सांगणे हा उपदेश नव्हे. तू देवाचे लेकरू आहेस, हे त्याला सांगितले पाहिजे. ‘नम्र हो’ हे मुकादमाला, कारखानदाराला आणि आम्हां धर्मगुरूंनाही सांगावे. समीक्षकानेही हाच विवेक पाळावा. एखाद्या ओळीत नम्रता दिसली की कवीला वाकण्यावाचून दुसरा मार्ग होता काय, हे त्याने विचारावे. पायरी आणि समाधी या दोन्हींपुढे माथा टेकावा. मात्र दोन्हींचा अर्थ एकच आहे, असे म्हणू नये.