पुडी भरणारा कुठे आहे?

चित्रपटाआधी दाखवली जाणारी मुकेशची फीत आठवते ना? भुसावळचा हा तरुण तोंडाच्या कर्करोगाने 2009 साली गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. फीत खरी आहे, काळजाला भिडते. तरी माझी तक्रार आहे. तिच्यात गुटखा खाणारा दिसतो, बनवणारा कुठेच दिसत नाही. जणू मुकेशने तो घरीच कुटला होता!

आपल्या गुजरातेत सप्टेंबर 2012 पासून गुटखाबंदी आहे. मग काय झालं? पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसरीत. मिसळायचं गिऱ्हाइकाने. म्हणजे दोषही त्याच्याच तळहातावर! वर मोठमोठे नट पानमसाल्याच्याच नावाने वेलची विकतात. आणि नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्येच सांगितलंय.

आपण मात्र तोंड उघडेनासं झालेल्या मुलाच्या आईलाच विचारतो, "लक्ष नाही का ठेवलंत?"

बायांनो, आपल्याकडे पाप तीन तऱ्हांनी लागतं: करून, करवून आणि अनुमोदन देऊन. श्रावकाला वर्ज्य असलेल्या धंद्यांत विषाचा व्यापारही आहे. खाणाऱ्याने पच्चक्खाण घ्यावंच, त्याची सुटका नाही. पण करवणाऱ्याचं काय? आणि अनुमोदन तर आपणच देतो, देणगीदाराच्या नावाला टाळ्या वाजवून. पुढच्या वेळी पावती फाडण्याआधी एवढं तरी विचारूया: हा पैसा कुठल्या पुडीतून आला?