चित्रकथा आणि अरण्य : एक अवलोकन

मराठी वाङ्मयाच्या बैठकीत चित्रकथेला अद्याप मानाचे आसन मिळालेले नाही. मुलांनी ती सुट्टीत वाचावी, थोरांनी प्रवासात चाळावी आणि घरात रद्दीवाल्याचा फेरा आला की सर्वांआधी तिचीच रवानगी व्हावी, असा शिरस्ता आपल्याकडे इतका रुळला आहे, की कादंबरीच्या एका प्रकरणावर चार परिसंवाद घडविणारे आपले समीक्षक चित्रकथेचा विषय निघताच वात्सल्याने हसतात आणि पुढे जातात. वस्तुतः या कलेने जगात आत्मचरित्र, इतिहास, वार्तांकन आणि राजकीय चिंतन अशा प्रांतांत आपला अंमल केव्हाच बसविला आहे. आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस' या ग्रंथाला १९९२ साली विशेष पुलित्झर पारितोषिक मिळाले, त्यालाही आता तीन दशके उलटून गेली. अलीकडे टपालाने मागवून वाचलेल्या आणि काही पुन्हा काढून वाचलेल्या अशा कृतींचे हे अवलोकन आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेऱ्यासारख्या ठिकाणी, जिथे बाजाराच्या दिवशी मराठी, माडिया, बंगाली आणि तेलुगू या चारही भाषा एका रांगेत उभ्या राहून भाव करतात आणि तालुक्याची हद्द ओलांडण्यासाठी कोणत्याही दिशेने निघाले तरी जंगल आडवे येते, तिथे बसून ही पुस्तके वाचताना एकच प्रश्न पुनःपुन्हा पुढे आला : या चौकटीत जे अरण्य दिसते, ते कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे?

या प्रश्नाला आरंभीचे उत्तर फारसे गौरवास्पद नाही. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली सुरू केलेल्या आणि १९९० पर्यंत चाललेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून ली फॉक यांचा वेताळ मराठी घरांत शिरला आणि त्याच्याबरोबर डेंकालीचे घनदाट अरण्यही आले. त्या अरण्यात कवटीची गुहा होती, ढोल होते, विषारी बाण मारणारे बुटके वनवासी होते. परंतु न्याय करण्याचा अधिकार मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकाच गोऱ्या, मुखवटाधारी पुरुषाकडे राखून ठेवलेला होता. त्या काळच्या वाचकाला हे खटकले नाही, याचे कारण आपल्याकडील वनखात्याची कचेरीही जंगलाकडे बहुधा याच नजरेने पाहत असे : जंगल सरकारचे, त्याची जमाबंदी साहेबाची आणि त्यात राहणारे लोक कथेतील पार्श्वभूमी. १९८० साली निघालेल्या 'टिंकल'मधील शिकारी शंभू त्या मानाने अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे. टोपीखाली डोळे झाकलेला हा भित्रा वीर वाघाला केवळ अपघाताने पकडतो आणि त्याच्या रूपाने साहेबी शिकारीच्या डौलाची जी यथेच्छ चेष्टा होते, ती वेताळाच्या गांभीर्यावर उतारा म्हणून पुरेशी आहे. तरीही दोन्हीकडे अरण्य हे रंगमंचावरील पडद्यासारखे मागे टांगलेलेच राहिले. ते बोलले नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. शंभूला रेखाटणारे वसंत हळबे, सुपंडीला आणि 'अमर चित्र कथे'तील कृष्णाला रूप देणारे राम वाईरकर, कालिया कावळ्याचे प्रदीप साठे, 'अमर चित्र कथे'चे दिलीप कदम, त्याच मालिकेतील शिवाजी घडवून पुढे हिंदीतील नागराजालाही देह देणारे पुण्याचे प्रताप मुळीक, ही सारी नावे एका रांगेत मांडली, की भारतीय चित्रकथेच्या उभारणीत मराठी हातांचा वाटा केवढा मोठा आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. अनंत पै यांनी १९६७ साली जी मालिका आरंभिली, तिचे रेखाटनाचे ओझे या मंडळींनी वाहिले. मात्र हे सारे कौशल्य इतरांच्या योजनेबरहुकूम आणि बहुधा आधी इंग्रजीत लिहिलेल्या संहितेवर खर्ची पडले. मराठीच्या स्वतःच्या नावे जमा धरावी अशी नित्याची चित्रमालिका म्हणजे १९९१ साली 'सकाळ'मध्ये अवतरलेला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू'. त्याची गोडी निर्विवाद आहे. परंतु त्याचे जग शहरातील वाडा, सोसायटी आणि शाळा यांच्या हद्दीतले आहे, आणि तीन-चार चौकटींच्या पट्टीकडून त्याहून अधिकाची अपेक्षा धरणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल. व्यंगचित्राने मराठीत जी उंची गाठली, शि. द. फडणीस आणि वसंत सरवटे यांनी त्यात जी सूक्ष्मता आणली, तिचा वारसा दीर्घ चित्रकथेकडे मात्र वळला नाही. कलावंत होते, वाचक होते, विषय तर उदंड होते. नव्हता तो या तिघांना एकत्र बसविणारा संपादक.

विषय उदंड होते याचा सर्वांत झणझणीत पुरावा असा, की महाराष्ट्राच्या दोन महापुरुषांवरील अलीकडच्या दोन महत्त्वाच्या चित्रकादंबऱ्या दिल्लीच्या 'नवयान' प्रकाशनाने इंग्रजीत काढल्या, आणि त्याही एकाच वर्षी, २०११ साली. पैकी 'भीमायन' ही बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील अस्पृश्यतेच्या प्रसंगांवर उभी आहे. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. हेच चरित्र 'अमर चित्र कथे'त १९७९ साली दिलीप कदमांनी रेखाटले होते आणि त्यातील रेषा शुद्ध, शरीररचना अचूक, प्रसंग ठसठशीत आहेत. पण तेथे बाबासाहेब हे ठरावीक आकाराच्या चौकटींतून क्रमाक्रमाने पुढे सरकतात, जणू दप्तरातील एकेक कागद उलटावा. व्याम दांपत्याने या चौकटीच नाकारल्या. त्यांच्या पानांवर आडव्या-उभ्या रेघांऐवजी 'दिग्ना' वाहतो, म्हणजे घराच्या भिंतीवर आणि अंगणात काढण्याची जी वळणदार नक्षी त्यांच्या समाजात परंपरेने चालत आली तीच पानाचे विभाजन करते; त्यामुळे प्रसंग कोंडले जात नाहीत, एकमेकांत मिसळतात.

या पुस्तकातील दोन-तीन जागा जवळून पाहण्यासारख्या आहेत. संवादांची जी वर्तुळे एरवी सर्व चित्रकथांत एकाच साच्याची असतात, त्यांना येथे दोन रूपे दिली आहेत : सौम्य, सोसलेल्या माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते आणि जातीचे विष ओकणाऱ्याच्या तोंडून निघालेल्या शब्दांना विंचवाची नांगी असते. मनातल्या विचाराच्या वर्तुळावर एक डोळा काढलेला असतो. पानावरील एक अक्षरही न वाचता कोण कोणाशी कसे बोलतो हे कळावे, अशी ही योजना आहे. आगगाडी नाग होऊन वळसे घेते, किल्ला हिंस्र पशू होऊन बसतो, आणि महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहात बाबासाहेबांचे भाषण चालू असता ध्वनिक्षेपकांतून शब्दांऐवजी पाण्याचे तुषार सभेवर उडतात. पाण्यासाठी झालेल्या लढ्याचे याहून सार्थ रूपक मराठी कवितेलाही सहसा साधलेले नाही. उलटपक्षी, कथेला बांधून ठेवणारे जे निवेदन आहे, ज्यात बसथांब्यावर आरक्षणाविरुद्ध कुरकुरणाऱ्या तरुणाला एक स्त्री सर्व इतिहास समजावून सांगते, ते काहीसे शिकवणीच्या वळणाचे झाले आहे. चित्रे जेथे आधीच बोलून चुकली तेथे संहिता पुन्हा बोलते. तथापि ज्या ग्रंथात भंडारा जिल्ह्यातील २००६ च्या खैरलांजी हत्याकांडाचा उल्लेख येतो, त्याला ही उपदेशाची निकड का वाटली असेल, हे विदर्भातील वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरी कृती, श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांची 'अ गार्डनर इन द वेस्टलँड', ही जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या 'गुलामगिरी'वर आधारलेली आहे. मूळ ग्रंथच जोतीराव आणि धोंडीबा यांच्या प्रश्नोत्तरांतून घडलेला असल्याने तो चित्रकथेस जन्मतःच अनुकूल होता, आणि कृष्णधवल चित्रांत दोन्ही लेखिका स्वतः पात्रे होऊन शिरतात तेव्हा त्या प्रश्नोत्तरांना आजचा तिसरा सूर मिळतो. फुल्यांचा उपरोध या चित्रांत चांगला उतरला आहे; त्यांच्या गद्याचा रांगडा, दगड फोडणारा नाद मात्र इंग्रजीत हरवला, आणि तो परत आणण्याचे काम कोणा मराठी लेखकाने आणि चित्रकाराने मिळूनच करावयाचे आहे.

'भीमायन'ची थोरवी मान्य करताना एका भ्रमापासून सावध राहिले पाहिजे. व्याम दांपत्याची कला ही मध्य प्रदेशातील पाटणगढच्या परधानांची, जनगढ सिंह श्याम यांनी कागदावर आणि कॅनव्हासवर आणलेली कला आहे. भज्जू श्याम यांनी 'द लंडन जंगल बुक'मध्ये भुयारी रेल्वेला गांडूळ आणि बिग बेनला कोंबडा केले, ते याच परंपरेच्या बळावर. गडचिरोलीतील माडियांची दृश्यभाषा निराळी आहे : मृतांच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या शिळा, लाकडावरील कोरीव काम, नाचाची वेशभूषा. परंतु 'आदिवासी कला' एवढेच शब्द निविदेत असले, की कंत्राटदार कचेरीच्या आवारभिंतीवर कुठून तरी वारली माणसे आणि ठिपक्यांची गोंड हरिणे उतरवून मोकळा होतो, आणि ज्यांचे हे गाव त्यांना ती भिंत परकीच राहते. उसन्या शैलीने चित्रकथा जन्मत नाही. येथील मुलाच्या हाती पेन्सिल दिली आणि आधी पाहावयाला कोणताही नमुना दिला नाही, तरच ती जन्मेल.

अरण्याला वाचा देण्याचा आपल्या देशातील पहिला गंभीर प्रयत्न म्हणजे ओरिजित सेन यांची 'रिव्हर ऑफ स्टोरीज', जी 'कल्पवृक्ष' संस्थेने १९९४ साली प्रसिद्ध केली आणि जी दीर्घकाळ दुर्मीळ राहून २०२२ साली पुन्हा छापली गेली. नर्मदेवरील धरणाविरुद्धचा संघर्ष हा तिचा विषय. विष्णू नावाचा शहरी वार्ताहर एकीकडे आणि सृष्टीच्या उत्पत्तीचे गाणे गाणारा मालगू गायन दुसरीकडे, अशा दोन धारांनी ती वाहते. मालगूची पाने आजही ताजी वाटतात. वार्ताहराची पाने मात्र काहीशी जुनी झाली, कारण तेथे जंगलाचे म्हणणे जंगलाबाहेरून आलेला माणूसच वाचकापर्यंत पोचवितो. नेमका हाच पेच जो सॅको यांनी २०२० च्या 'पेइंग द लँड'मध्ये अधिक प्रौढपणे हाताळला आहे. कॅनडाच्या वायव्येकडील डेने या मूलनिवासी लोकांची जमीन, तेथील तेल आणि हिरे, मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळा आणि १८९९ व १९२१ मध्ये सरकारने करून घेतलेले करार यांची ही चित्रमय जबानी. सॅको स्वतःला चष्मा लावलेला, अवघडलेला पाहुणा म्हणून काढतात आणि बोलणे इतरांवर सोपवितात; आरंभीच्या पानांवर जेव्हा रानातल्या बालपणाची आठवण येते तेव्हा त्यांच्या काटेकोर चौकटीही विरघळतात आणि माणसे, नदी, होडी, कातडी सोलणारे हात एकाच ओघात येतात. शेजारच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ज्यांनी आलापल्ली-आष्टीच्या रस्त्यावर पाहिले आहेत, त्यांना हे पुस्तक परदेशचे वाटणार नाही. विशेष हे, की सॅको कोणाचाही निकाल देत नाहीत : खाणीत नोकरी हवी म्हणणारा डेने आणि नको म्हणणारा डेने या दोघांनाही ते सारखीच जागा देतात, आणि हा संयम आपल्या वार्ताहरांनी शिकावा असा आहे.

मुलचेऱ्यापुरता आणखी एक संदर्भ आहे. या आणि चामोर्शी तालुक्यात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत, आणि त्या घरांतील वृद्धांच्या स्मरणात नारायण देबनाथ यांचे 'हांदा भोंदा' आणि 'बाँटुल' हे वेताळाइतकेच जवळचे असू शकतात. विश्वज्योती घोष यांनी २०१३ साली संपादित केलेल्या 'धिस साइड, दॅट साइड' या संग्रहात फाळणीच्या कथा तिन्ही देशांच्या लेखक-चित्रकारांनी सांगितल्या आहेत; काही कच्च्या, काही अतिशय हृद्य. नदीकाठची माणसे सरकारी हुकुमाने जंगलात वसविली गेली, तेथे धान पिकवू लागली, मराठी शाळेत शिकली, ही कथा मात्र मराठीत चित्ररूपाने आलेली माझ्या पाहण्यात नाही. तिचे नायक आज गावोगाव हयात आहेत, पण ते किती काळ असतील?

तेव्हा या कलेची मराठीतील अवस्था थोडक्यात मांडावयाची तर ती अशी : हात आपले, नायक आपले, अरण्यही आपले, पण पुस्तके इतरांची. रंगीत छपाई महाग पडते ही सबब पूर्ण खोटी नाही. परंतु 'गार्डनर' कृष्णधवल आहे, सॅकोही काळ्या शाईतच काढतात, आणि शरद शर्मा यांच्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'ने तर खेड्यापाड्यांत चार चौकटींची भित्तिचित्रकथा दोन साध्या कागदांवर काढून, छायाप्रती करून, चौकात चिकटविण्याची पद्धत रूढ केली आहे. तिला लागतो तो तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्याचा खर्च. ज्या जिल्ह्यात मेंढा-लेखासारख्या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला आणि मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेथे विषयांची वाण पडेल असे कोण म्हणेल?

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचक वर्षातून एकदा नव्या वाङ्मयासाठी पैसे मोजावयास तयार असतो. त्या अंकांत व्यंगचित्रांना पाने मिळतात, राशिभविष्याला तर अधिकच मिळतात. संपादकांना विनंती एवढीच, की यंदा त्यांपैकी सोळा पाने एका चित्रकथेला द्यावीत, चित्रकाराला लेखकाइतकेच मानधन द्यावे, आणि निदान एक कथा अशी मागवावी जी जंगलात राहणाऱ्याने स्वतः काढलेली असेल.