मुखवटा टिपला, विधी निसटला

१९०४ साली एडवर्ड कर्टिस ॲरिझोनातल्या कॅन्यन द शे या खोल दरीत कॅमेरा घेऊन पोहोचले. तिथल्या नवाहोंच्या, म्हणजे स्वतःला ‘दिने’ म्हणवणाऱ्या लोकांच्या, येई देवतांची त्यांनी टिपलेली रूपे १९०७ मध्ये ‘द नॉर्थ अमेरिकन इंडियन’ या वीस खंडांच्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात छापली गेली. ही छायाचित्रे देखणी आहेत, यात शंका नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या खरेपणाचा.

येई ज्या ‘नाइटवे’ विधीत अवतरतात, तो थंडीच्या दिवसांत नऊ रात्री चालतो आणि आजाऱ्याला बरे करण्यासाठी असतो. मुखवट्याचे कातडे जखम न करता मारलेल्या हरणाचे लागते. गळ्याभोवती हिरव्या डहाळ्या, पाठीमागे लोंबणारे कोल्ह्याचे कातडे, कमरेला चांदीच्या चकत्यांचा पट्टा. या साऱ्याला अर्थ येतो तो मंत्रगायक, रुग्ण, वाळूचित्र आणि गाणी यांच्यामुळे. कर्टिस यांनी काढलेल्या येईंच्या व्यक्तिचित्रांत हे काहीच नाही. तिथे उरते ती एकटी, निनावी आकृती. अभ्यासक जेम्स फॅरिस यांनी तर त्यांतले काही मुखवटे खास कॅमेऱ्यासाठी बनवले गेले, असे मत मांडले. येईंचे मुखवटे घातलेल्या नर्तकांनी पावित्र्य राखण्यासाठी काही क्रिया मुद्दाम उलट केल्या असाव्यात, असेही काही अभ्यासक मानतात. तसे असेल, तर ती फसवणूक नव्हे. तो नम्र नकार होता.

याउलट १८७४ मध्ये नवाहो नेते मॅन्युएलितो यांच्यासोबत वॉशिंग्टनला गेलेल्या त्यांच्या पत्नी हुआनिता यांचे छायाचित्र पाहा. अंगात ‘बील’, म्हणजे हातमागावर विणलेल्या दोन लोकरी पट्ट्या खांद्यांवर आणि कडेला जोडून केलेला पोशाख. इथे कपड्याला माणूस आहे, माणसाला नाव आहे. त्यांच्याच वंशातल्या इतिहासकार जेनिफर नेझ डेनेटडेल यांनी ही चित्रे घरातल्या आठवणींशी ताडून पाहिली, आणि मूक छायाचित्राला वंशावळ मिळाली.

आज दिने छायाचित्रकार विल विल्सन कर्टिसच्याही आधीच्या काळातल्या ओल्या पट्टीच्या जुन्या तंत्राने व्यक्तिचित्रे काढतात. मूळ प्रत मात्र ते समोर बसलेल्याच्या हाती देतात आणि स्वतःकडे तिची नक्कल ठेवतात. देवाणघेवाणीतला हा बदल मला शैलीतल्या कोणत्याही बदलापेक्षा मोठा वाटतो.

म्हणून जुन्या चित्रांचे मोल केवळ छपाईच्या देखणेपणावर ठरवू नये. चित्र कोणाच्या संमतीने निघाले आणि आज ते कोणाच्या हाती आहे, हे आधी विचारावे. हा प्रश्न मुखवट्यांनाही लागू आहे: २०१४ च्या डिसेंबरात नवाहो प्रतिनिधी पॅरिसला गेले आणि आपल्याच विधीचे सात मुखवटे लिलावात पैसे मोजून परत घेऊन आले.