दान्तेची दोन अरण्ये

नोव्हेंबर महिना आला की आपल्या धर्मग्रामांत मृतात्म्यांसाठी मिस्सा अर्पण होतात, कबरींवर मेणबत्त्या लागतात आणि प्रवचनांतून शुद्धिस्थानाचा विषय निघतो. त्या वेळी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती आग. परंतु ज्या कवीने शुद्धिस्थानाचे विस्तृत चित्र ख्रिस्ती जगास दिले, त्या दान्तेने त्याच्या माथ्यावर एक अरण्य वसविले आहे. स्वप्नाच्या वेशीवर उभे असलेले हे मंतरलेले अरण्य आणि त्याच काव्याच्या आरंभीचे भयाण अरण्य यांचे नाते तपासावे, एवढाच आमचा हेतू.

दान्तेचा जन्म १२६५ साली फ्लॉरेन्स नगरात झाला. राजकीय विरोधकांनी १३०२ मध्ये त्याला हद्दपार केले. तो जन्मभूमीस पुन्हा परतला नाही आणि १३२१ साली रावेन्ना येथे निवर्तला. ‘डिव्हाइन कॉमेडी’ हे शंभर सर्गांचे काव्य या वनवासात लिहिले गेले. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२१ साली आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली त्याच्या गौरवार्थ पत्रे प्रसिद्ध केली. तरीही आपल्याकडे हा कवी नरकाच्या वर्णनापुरताच ओळखला जातो, याची आम्हांस खंत वाटते.

काव्यातील प्रवास १३०० सालचा. पस्तिशीतला दान्ते अंधाऱ्या अरण्यात सापडला आहे. तेथे कसा शिरलो हे त्याला नीट सांगता येत नाही. कारण वाट सुटली त्या क्षणी तो झोपेने भारावलेला होता. या अरण्यात एकाही वृक्षाचे नाव नाही, पान नाही, पाखरू नाही. आहे ती केवळ रानटी दाटी आणि मृत्यूशी स्पर्धा करणारी भीती. पापाचे इतके अचूक वर्णन आम्ही क्वचितच वाचले आहे. मनुष्य ठरवून अंधारात जातो असे नाही. बहुधा तो पेंगत पेंगत जातो. घरातील संध्याकाळची रोझरी कोणत्या दिवशी बंद पडली, भावाभावांतील बोलणे कोणत्या सणापासून थांबले, हे विचारले तर कोणालाही तारीख सांगता येत नाही.

नरक पार करून दान्ते शुद्धिस्थानाच्या पर्वतावर येतो. तेथे सूर्यास्तानंतर चढण चढता येत नाही. म्हणून तीन रात्री तो झोपतो आणि तीन स्वप्ने पाहतो. पहिल्यात गरुड त्याला उचलून नेतो. जागे झाल्यावर कळते की संत ल्युसीने त्याला प्रवेशद्वारापाशी आणून ठेवले आहे. दुसऱ्यात एक कुरूप स्त्री दिसते. दान्ते तिच्याकडे टक लावून पाहतो तसतशी ती सुंदर होते आणि गाऊ लागते. ही खोटी भूल. तिचे सौंदर्य पाहणाऱ्याच्याच वासनेतून उपजलेले असते. तिसरे स्वप्न अग्नीची भिंत ओलांडल्यानंतरचे. त्यात याकोबाची पत्नी लेआ गाणे म्हणत फुले वेचते.

आणि सकाळी अरण्य! ही मानवाने गमावलेली एदेन बाग. मंद वाऱ्याने फांद्या एका दिशेस झुकल्या आहेत, शेंड्यांवर पाखरे गात आहेत आणि पानांची सळसळ त्यांना साथ देत आहे. रावेन्नाजवळच्या समुद्रकाठच्या पाइनवनाची दान्तेला आठवण होते. ओढ्यापलीकडे एक स्त्री गात गात फुले वेचीत आहे. तिचे नाव माटेल्डा. पहाटे जे स्वप्नात पाहिले, तेच दिवसाढवळ्या समोर उभे! दान्तेची खरी प्रतिभा आम्हांस येथे दिसते. खोटी भूल जागे होताच विरते. खरे स्वप्न जागे झाल्यावर अधिक स्पष्ट होते.

दोन अरण्यांना जोडणारा एक सूक्ष्म धागाही कवीने ठेवला आहे. या दुसऱ्या अरण्यात सावकाश चालता चालता दान्ते इतका आत जातो की कोठून शिरलो ते त्याला दिसेनासे होते. पहिल्या अरण्यातही प्रवेशाची वाट हरवलीच होती. पण तेव्हा डोळे मिटलेले होते, आता ते उघडे आहेत. माटेल्डा तेथील वाऱ्याचे आणि पाण्याचे कारण समजावून सांगते, तो भाग काहींना रुक्ष वाटतो. आम्हांस तो आवश्यक वाटतो. या अरण्याची मोहिनी ही जादू नव्हे, तर निर्मात्याच्या योजनेचे आश्चर्य आहे, हे त्यातून उमगते.

याच अरण्यात बिआट्रिस येते आणि दान्तेला नावाने हाक मारते. संपूर्ण काव्यात त्याचे नाव एवढ्या एकदाच येते. ती त्याचे सांत्वन करीत नाही, तर जाब विचारते. आपण स्वप्नांतूनही त्याला परत बोलाविले, पण त्याने लक्ष दिले नाही, असे ती ऐकविते. तो रडत पापनिवेदन करतो. मग लीथी नदीत पापाची आठवण धुतली जाते आणि यूनोई नदीचे पाणी सत्कृत्यांची आठवण परत देते. आपल्या पापनिवेदनात पहिली नदी आपण जाणतो; दुसरीचा विसर पडतो.

एक सल मात्र राहते. येथवर हात धरून आणणारा व्हर्जिल याच अरण्यात नाहीसा होतो; ख्रिस्तापूर्वीच्या या सज्जन कवीला पुढे वाट नाही. दान्तेचे अश्रू खरे आहेत, पण त्याची व्यवस्था कठोर आहे. स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, तेही तारण पावू शकतात, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली स्पष्ट शब्दांत मांडले. अन्य धर्मीय शेजाऱ्यांच्या प्रेमात वाढलेल्या आपल्यासारख्यांना तो निरोप सोसवत नाही, यात नवल नाही.

या रम्य वनात कायमचे राहावे असे कोणालाही वाटेल. परंतु बिआट्रिस सांगते की तू येथे थोडाच काळ वनवासी आहेस. पाहिलेस ते वाट चुकलेल्या जगाच्या हितासाठी परत जाऊन लिही, अशी तिची आज्ञा आहे. मृतात्म्यांसाठी प्रार्थना करताना आपल्या कुटुंबांनी आगीबरोबर हे अरण्यही आठवावे. आपली माणसे त्या पाखरांच्या दिशेने चालली आहेत, आणि आपल्याला अद्याप येथली कामे जागेपणी करावयाची आहेत.