ग्रीनचा काँगो

माझी एक मावशी विदर्भातल्या एका कुष्ठधामात बावीस वर्षे परिचारिका होती. सुट्टीत घरी आली की ती आधी दोन्ही पंजे पुढे करी आणि म्हणे, “मोजून घ्या, दहाची दहा आहेत.” ग्रॅहॅम ग्रीनच्या ‘अ बर्न्ट-आउट केस’ या कादंबरीने मी भारावलो होतो, त्या दिवसांत तिला मी ते सारे कथानक रंगवून सांगितले. ऐकून झाल्यावर तिने एवढेच विचारले, “पण तिथं ड्रेसिंग कोण करतं रे?”

प्रश्न मला वाङ्मयबाह्य वाटला. आता कादंबरी पुन्हा वाचताना तो तसा वाटत नाही.

1959 च्या आरंभी ग्रीन बेल्जियन काँगोतील योंडा येथे, कॅथलिक मिशनच्या कुष्ठवसाहतीत जाऊन राहिला. तेथील तरुण बेल्जियन डॉक्टर मिशेल लशा यांनाच त्याने 1961 साली निघालेली ही कादंबरी अर्पण केली. क्वेरी हा जगद्विख्यात वास्तुशिल्पी. कीर्ती, स्त्रिया, श्रद्धा या साऱ्यांतून मन उठलेला हा माणूस नदीकाठच्या अशाच एका वसाहतीत येऊन पडतो. रोग ओसरला, पण बोटे घेऊन गेला, अशा रोग्याला तेथे ‘विझलेली केस’ म्हणतात, क्वेरीही तसाच.

ग्रीनची नजर तीक्ष्ण आहे, हे मान्यच केले पाहिजे. त्याचे पाद्री पापपुण्याची चर्चा फारशी करीत नाहीत. त्यांना वीज आणि बांधकामाची विवंचना. नास्तिक डॉक्टर कोलिन आणि ते एकमेकांना सांभाळून घेतात, कारण कामच तेवढे आहे. रोग्यापेक्षा रोगावरच जीव जडलेल्या सेवाभावी मंडळींचा कोलिनला तिटकारा आहे. माझ्या मावशीला हा डॉक्टर फार आवडला; “असल्या माणसांना आम्ही पहिल्या आठवड्यातच ओळखायचो,” ती म्हणाली.

पण नन्स? त्या पानांच्या कडेकडेने वावरतात. त्यांचे मन क्वेरीच्या मनासारखे कुठेच उकलले जात नाही. आफ्रिकेच्या खेड्यापाड्यांतील कॅथलिक आरोग्यसेवा मुख्यतः या बायकांनी वाहिली, आणि तीही सुखासुखी नव्हे. संन्यस्त स्त्रियांनी वैद्यकी, विशेषतः बाळंतपणे करू नयेत हा निर्बंध रोमने 1936 साली सैल केला. युगांडात नसाम्ब्या येथे मदर केव्हिन यांनी डॉ. एव्हलिन कॉनोली यांच्या साहाय्याने सुईणींचे शिक्षण सुरू केले ते 1921 साली, म्हणजे त्याच्या पंधरा वर्षे आधी. एखाद्या कादंबरीला पुरून उरेल एवढा हा संघर्ष आहे. ग्रीन त्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊनही आत शिरत नाही.

देओ ग्रासियासचे तर विचारूच नका. हा बोटे गमावलेला आफ्रिकी नोकर एका रात्री आपले हरवलेले ‘पेंडेले’ शोधायला जंगलात जातो आणि दलदलीत अडकतो. क्वेरी त्याच्याजवळ रात्रभर बसून राहतो. प्रसंग अप्रतिम उतरला आहे. परंतु त्या रात्रीतून संत म्हणून बोभाटा होतो क्वेरीचा, आणि वाचकाचे लक्षही त्याच्याच मागे जाते. पेंडेले म्हणजे काय, हे आपल्याला क्वेरीच्या कुतूहलापुरतेच कळते.

अर्पणपत्रिकेत ग्रीनने स्वतःच म्हटले आहे की, हा काँगो मनातला प्रदेश आहे. ही कबुली प्रामाणिक खरी, पण मन कोणाचे? 1975 साली चिनुआ अचेबे यांनी कॉनरॅडला हाच जाब विचारला: एका युरोपियाच्या आत्म्याची पडझड दाखविण्यासाठी आख्खी आफ्रिका पडद्यासारखी मागे का टांगावी? ग्रीनच्या काँगोत खरी औषधे आहेत, खरे व्रण आहेत. म्हणून तर आरोप त्याच्यावर अधिक बोचरेपणाने लागू पडतो. कादंबरी निघण्यापूर्वीच, 30 जून 1960 रोजी, काँगो स्वतंत्र झाला होता. क्वेरीच्या कंटाळ्याला त्याची चाहूलही लागत नाही.

तरी अखेरचे पान मला पुसून टाकता येत नाही. क्वेरी गोळी लागून मेलेला आहे आणि कोलिनसमोर एक कोवळे पोर येते. गोळ्यांनी वर्षा-दोन वर्षांत ते बरे होईल, त्याची बोटे झडणार नाहीत, असे तो सांगतो. नायकाच्या मरणानंतर ग्रीनला हे सुचले.

मावशीला मी क्वेरीच्या मरणापर्यंतच गोष्ट सांगितली होती. हे पान सांगायचे राहूनच गेले.