माध्यमांतर आणि सुराचा प्रश्न : 'फास्टर फेणे'

भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांच्या फास्टर फेणेजवळ अलौकिक शक्ती नाही. आहे ती सायकल, किडकिडीत देह आणि जिभेने काढलेला 'ट्टॉक' हा आवाज. तरीही मराठी बालवाचकाच्या भावविश्वात त्याचे स्थान पाश्चात्त्य चित्रकथांतील सुपरमॅन वा बॅटमन यांच्या स्थानासारखेच आहे. त्यामुळे आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'फास्टर फेणे' (२०१७) या चित्रपटापुढेही तोच प्रश्न उभा होता : लहानपणी वाचलेल्या नायकाला मोठ्यांच्या पडद्यावर कोणत्या सुरात बोलू द्यावयाचे?

रिचर्ड डॉनर यांच्या 'सुपरमॅन'मध्ये (१९७८) वृत्तपत्र कचेरीतील क्लार्क केंटची धांदल विनोदी आहे, परंतु नायकाच्या चांगुलपणाची थट्टा कोठेही नाही. याउलट 'बॅटमन अँड रॉबिन' (१९९७) आपल्याच नायकाला हसतो आणि प्रेक्षकास त्याची काळजी वाटेनाशी होते. 'बॅटमन बिगिन्स'नंतर (२००५) मात्र काळोख म्हणजेच प्रौढता असा एक सोयीस्कर समज रूढ झाला.

मराठी चित्रपटाने या समजाचा काही अंश स्वीकारला आहे. येथील बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो आणि एका परीक्षार्थीच्या मृत्यूचा माग काढताना परीक्षेतील गैरव्यवहारापर्यंत पोहोचतो. ही निवड धाडसी आणि उचितही आहे. नगरसारख्या जिल्ह्यातून पुण्याची वाट धरणाऱ्या विद्यार्थ्याला या परीक्षेवर काय काय पणाला लागते हे वेगळे सांगावे लागत नाही. फुरसुंगीच्या मुलाचे शहरातील परकेपण त्यामुळे नव्या अर्थाने जिवंत होते.

अडचण संकटाच्या मापाची आहे. मूळ कथांतील संकट कितीही मोठे असले तरी मुलाची हुशारी त्याला पुरी पडेल, ही हमी भागवतांच्या खेळकर निवेदनात असते. कथेचा सूर खरे तर या निवेदनातच आहे; पेहरावात किंवा सायकलीत नव्हे. गिरीश कुलकर्णी यांनी थंड क्रौर्याने उभा केलेला अप्पा या हमीच्या पलीकडचा आहे. त्याच्यापुढे 'ट्टॉक' क्षीण वाटतो.

चित्रपटकर्त्यांना याची जाणीव असावी. त्यांनी निवेदकालाच पात्र केले. दिलीप प्रभावळकर यांच्या भागवतांच्या घरात जुना सूर नांदतो. युक्ती सुंदर आहे, पण सूर त्या घरातच अडकून पडतो. नायक उंबरठा ओलांडतो आणि चित्रपट चारचौघांसारखा थरारपट होतो. भूभू या रस्त्यावरच्या मुलासोबतचे प्रसंग तेवढे याला अपवाद आहेत. तेथे बनेशला पुन्हा आपल्या वयाचा सोबती मिळतो.

१९८०च्या दशकातील दूरदर्शन मालिकेत हा पेच नव्हता, कारण सुमीत राघवन तेव्हा स्वतःच किशोरवयीन होते. अमेय वाघ यांच्या वाट्याला मात्र तरुणाचे शरीर आणि शाळकरी मुलाचा उत्साह एकाच वेळी सांभाळण्याचे काम आले. धावताना ते साधते, शोकाच्या प्रसंगी साधत नाही.