'पाच वर्षांनंतर कुठे?' : एका प्रश्नाची समीक्षा

नोकरीच्या मुलाखतीत 'पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' असे विचारण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. प्रश्न निरुपद्रवी दिसतो. परंतु समोरच्याच्या पगारावर कर्जाचा, धाकट्या भावंडांच्या फीचा, गावाकडच्या गळक्या छपराचा हक्क नाही, हे त्यात गृहीत धरलेले असते. हा प्रश्न पांढरपेशा घरात जन्मलेला आहे आणि उत्तरही त्याला त्याच घरचे हवे असते.

सुखदेव थोरात व कॅथरिन न्यूमन यांनी संपादित केलेला 'ब्लॉक्ड बाय कास्ट' (२०१०) हा ग्रंथ या संदर्भात आपल्या कार्यकर्त्यांनी वाचायलाच हवा. सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांकडे पाठवले, तर दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता कमी होते, हे त्यात प्रयोगाने दाखवले आहे. सुरिंदर जोधका व न्यूमन यांचा लेख मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नोकरभरती करणारे अधिकारी 'आम्ही जात पाहत नाही, गुणवत्ता पाहतो' म्हणतात आणि लगेच उमेदवाराची 'घरची पार्श्वभूमी' विचारतात. वडील काय करतात, हे विचारले की जात विचारायची गरजच उरत नाही. माझ्या मते ध्येयाचा प्रश्न हा या पार्श्वभूमीच्या प्रश्नाचाच दुसरा चेहरा आहे. पहिल्यात बाप तपासला जातो, दुसऱ्यात बापाने दिलेला आत्मविश्वास.

आता बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानची दहा वर्षे चाकरी करायची ठरली होती. १९१७ साली ते तेथे रुजू झाले, पण राहायला कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हुसकावून लावले आणि काही दिवसांतच बडोदे सोडावे लागले. कागदावरची दहा वर्षे कागदावरच राहिली. पुढे १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक होते, ते लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पैसा साठवीत. तेथे 'पाच वर्षांनंतर कुठे?' असे विचारले असते, तर खरे उत्तर 'येथे नाही' हेच होते. असे उत्तर आज कोणत्या समितीला चालेल?

मुलाखतीचे वर्ग चालवणारे आपल्या मुलांकडून 'संस्थेबरोबर वाढायचे आहे' हे वाक्य घोकून घेतात. मुलेही ते म्हणतात; पोटासाठी म्हटलेल्या वाक्याबद्दल त्यांना दोष देणे मला पटत नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या गटांतील पदांच्या मुलाखती बंद केल्या, हे बरे झाले. खासगी क्षेत्रात मात्र ना आरक्षण, ना मुलाखतीतल्या प्रश्नांवर कोणाचा वचक.

आणि आमची महाविद्यालये? तासिका तत्त्वावर, एका शैक्षणिक वर्षापुरते अध्यापक नेमायचे आणि त्यालाच दूरगामी ध्येय विचारायचे! येत्या जूनमध्ये ही जागा राहणार की नाही, ते समितीने आधी सांगावे. मग उमेदवाराला पाच वर्षांचे विचारावे.